अकरावर दुबार पेरणी

नागपूर-मडगाव गाडीत मी बडनेऱ्याला चढलो, साडभाऊ अकोल्याला. त्यांच्या हातात सांबारवडीचा डबा, खिशात पत्त्यांचा कॅट. भुसावळपर्यंत रमी झाली, नाशिकपर्यंत तीनपत्ती. पनवेल सुटल्यावर मी ब्लॅकजॅक शिकवायला घेतलं. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, ओलांडायची नाही. डीलरनं मात्र सतरा होईपर्यंत पत्ते ओढायचेच.

"म्हंजे त्याले सोताचं डोकं चालवू देत नाईत?"

"नाही."

"आमच्या हापिसासारखंच."

मग खरा पेच सांगितला. आपली बेरीज अकरा, डीलरचा उघडा पत्ता छक्की. साधा 'हिट', म्हणजे आणखी एक पत्ता, घ्यावा, की डाव दुप्पट करावा? दुप्पट केला की एकच पत्ता मिळतो, आवडो न आवडो. रॉजर बाल्डविन आणि अमेरिकन सैन्यातले त्याचे तीन सोबती यांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून १९५६ साली उत्तर छापलं: दुप्पट करा. तेरातले चार पत्ते दहाचे, आणि छक्कीवरचा डीलर शंभरात सुमारे बेचाळीस वेळा एकवीसपार जाऊन बुडतो.

साडभाऊंची बोरगाव मंजूकडे कोरडवाहू जमीन आहे. "म्हंजे दुबार पेरनी," ते म्हणाले.

"नाही हो, ती बी जळाल्यावर करतात. इथं पीक बरं दिसतं तेव्हाच पैसे वाढवायचे."

"बरं दिसते तवा वाढवाले पैसे कोनापाशी असते बाप्पा? आपन बुडाल्यावरच वाढवतो. अन् तुमचा डीलर एक पत्ता तरी दाखवते. मृगातलं आभाय काय दाखवते?"

यावर बाल्डविनचं काही म्हणणं छापलेलं नाही.

एवढ्या लांब जाण्याचं कारण सरकारी आहे. महाराष्ट्रानं कॅसिनोचा कायदा १९७६ साली केला, कधी लागू केला नाही आणि २०२३ साली रद्द केला. गोव्यात तर २०२०पासून गोवेकरांनाच कॅसिनोत बंदी. अकोलेकरांना नाही.

मांडवीतल्या बोटीवर साडभाऊंना सत्ती-चौकी आली. डीलरची छक्की. मी कोपरानं ढोसलं. साडभाऊ वाकून म्हणाले, "ताई, खालचा पत्ता काय हाय?" ताई हसली. "मंग हिटच द्या."

बादशहा आला. एकवीस! डीलर चोविसावर बुडाली. "दुप्पट केला असता तर?" मी चरफडलो.

"अन् दुर्री आली असती तं?"

"तरी ती बुडालीच असती!"

पुढच्या डावात साडभाऊंची बेरीज सोळा, डीलरची दश्शी. याहून वाईट हात शोधून सापडत नाही. साडभाऊंनी तेवढ्याच चिप्स पुन्हा पुढं सरकवल्या. "डबल."

"अहो, आता कशाला?"

"आता खरी दुबार पेरनी हाय."

पंजी आली. डीलर एकोणिसावर थांबली. साडभाऊंनी शांतपणे चिप्स ओढल्या आणि माझ्याकडे वळले.

"त्या चौघायपैकी कोनाची शेती होती का?"