हापशाचं पेटंट कुणाकडे?

कुणाकडेच नाही. म्हणून तर तो वाड्यावस्त्यांवर पोहोचला आणि आफ्रिकेतल्या कितीतरी गावांतही. जनतेच्या पैशाने यंत्रं विकत घेणाऱ्या प्रत्येक खात्याने हे ध्यानात ठेवायला हवं.

१९६० च्या दशकात दुष्काळी भागात कातळ फोडून बोअर मारले गेले आणि त्यांवर ओतीव लोखंडाचे पंप बसवले गेले. त्यांचा मूळ नमुना युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठीचा, एका कुटुंबापुरता. आपल्याकडे त्यावर पहाटेपासून अख्खं गाव हापसायला लागलं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा बहुतेक पंप बंद होते. खाली पाणी, वर मोडका दांडा.

यातून वाट काढली ती मराठी मुलखातल्या कार्यशाळांनी. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमध्ये पोलादी पंप घडला, ‘सोलापूर वेल सर्व्हिस’ने तो आणखी सुधारला. दांड्याला एकच भक्कम सांधा आणि सळई ओढायला साखळी. दांडा गोलाईत फिरला तरी सळई सरळच वर-खाली होते, झीज कमी. याच सोलापूर पंपावरून युनिसेफ, सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीचा मद्रासचा कारखाना यांनी ‘इंडिया मार्क टू’ उभा केला. त्याची रेखाचित्रं खुली ठेवली, १९७९ मध्ये त्याचं भारतीय मानक निघालं. मानक पाळणाऱ्या कुठल्याही कारखान्याला तो बनवायची मुभा होती. कारखानदारांनी त्यावर पैसा कमावला, जरूर कमावावा. पण अटी गावाच्या गरजेने ठरवल्या होत्या, कारखान्याच्या ताळेबंदाने नव्हे.

त्यातही एक उणीव राहिली. आतला वायसर झिजला तरी सगळे पाइप उपसावे लागत, त्यासाठी तालुक्याहून पथक यायची वाट बघावी लागे. मग ‘मार्क थ्री’ आला. त्याचा पाइप ६५ मिलिमीटरचा, त्यामुळे पाइपांना हात न लावता दट्ट्या वर ओढता येतो. चार पाने हाताशी असले की गावातल्या बायकाही हे काम करतात. पण तो पाइप महाग आणि जड. खरेदीत मार्क टूच पुढे राहिला. खरेदीच्या कागदावर पंपाची किंमत दिसते, पथकाची वाट बघत बाईने डोक्यावरून वाहिलेलं पाणी दिसत नाही.

आता गावोगाव कार्ड घालून पाणी देणारी यंत्रं बसताहेत. पेटी सीलबंद, सुटे भाग कंपनीकडे, दुरुस्ती करणारा शहरात. यंत्र बिघडलं की ग्रामपंचायतीने फोन करायचा आणि बसून राहायचं. हा तंत्रज्ञानाचा दोष नाही. यंत्राचं आयुष्य कंत्राटाच्या मुदतीशी बांधणाऱ्यांचा दोष आहे.

म्हणून प्रत्येक निविदेत तीन अटी हव्यात. रेखाचित्रं खुली असतील. सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतील. आणि बिल चुकतं होण्याआधी गावातल्या दोघा-तिघांना यंत्र खोलून जोडायला शिकवलेलं असेल. ज्या कंपनीला हे मान्य नसेल, तिने दुसरं गिऱ्हाईक शोधावं.