बँड पुढं गेला, चाहता हॉस्टेलातच

डिसेंबर लागला की औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगरच्या) उस्मानपुऱ्यात माजी विद्यार्थ्यांचे थवे उतरतात. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचे, पॉलिटेक्निकचे. केस पांढरे, पोट पुढं, गाडी इलेक्ट्रिक. स्टेशन रोडच्या टपरीवर दुसरा कट येईपर्यंत गाडी ठरल्या विषयावर येते. ‘आता कुठं राहिलंय रे तसलं म्युझिक?’ तसलं म्हणजे इंडियन ओशन.

राहिलंय की! बँड चालू आहे. यांनीच ऐकणं सोडलंय.

ज्या वाचकांना हे नावच नवीन आहे (ते पस्तिशीच्या आतले असणार, त्यांचं अभिनंदन), त्यांच्यासाठी थोडक्यात. 1990 च्या सुमारास दिल्लीत सुश्मित सेनची गिटार आणि असीम चक्रवर्तीचा तबला एकत्र आले. मग राहुल राम बास गिटार घेऊन आला आणि अमित किलम ड्रम्सवर बसला. राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा पीएच.डी. एवढं शिकून माणूस बँडमध्ये वाजवतो, हे कळल्यावर मराठवाड्यातल्या किती बापांनी पोराची गिटार माळ्यावर टाकली असेल?

आता हे संगीत कुठल्या जातीचं? रॉक म्हणावं तर तबला. शास्त्रीय म्हणावं तर ड्रम्स. लोकसंगीत म्हणावं तर मधूनच जॅझ डोकावतो. वर तो किलम बाउलांचं गबगुबी घेऊन बसतो. आपल्याकडं लग्नाच्या जाहिरातीतसुद्धा पोटजात लिहावी लागते. इथं तर मुख्य जातीचाच पत्ता नाही.

पोरांना तेच आवडलं.

2000 साली ‘कांदिसा’ आला. त्याचं शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली प्राचीन प्रार्थना, भाषा अरामाइक. परभणी, बीड, जालन्याहून आलेली पोरं मेसमध्ये ताटं वाजवत तिचा कोरस धरायची. अर्थ कुणालाच कळत नव्हता. पण थर्मोडायनॅमिक्स तरी कुठं कळत होतं?

आणि ही भक्ती होती संपूर्ण मोफत. कॅसेट एकानं घ्यायची, बाकीच्यांनी भरून घ्यायची. पुढं एमपीथ्री आलं आणि एकानं घेण्याचाही त्रास वाचला. 2010 मध्ये बँडनं ‘16/330 खजूर रोड’ या अल्बमची गाणी महिन्याला एक याप्रमाणं इंटरनेटवर अधिकृतपणे फुकट द्यायला सुरुवात केली. नाव म्हणजे करोल बागेतल्या त्यांच्या तालमीच्या घराचा पत्ता. संगीतजगतात कौतुक झालं, केवढा धाडसी निर्णय! हॉस्टेलवाल्यांना मात्र कळेना, आधी काय वेगळं होतं?

‘मा रेवा’ हे या मंडळींचं दैवत. डोळे मिटून, मान हलवत ऐकायचं. राहुल राम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनात होता आणि ते गाणं त्या खोऱ्यातून आलं, हे निम्म्यांना माहीत असतं. उरलेल्या निम्म्यांना मणिबेली विचारा. ‘हिल स्टेशन का?’

मणिबेली आपल्याच महाराष्ट्रात आहे. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातलं अक्कलकुवा तालुक्यातलं गाव. सरदार सरोवराच्या पाण्यानं राज्यात आधी गाठलं ते त्याला. पण नर्मदा लांब आहे, सोडा. या शहराच्या नळाला कित्येक दिवसांनी का होईना, जे पाणी येतं ते जायकवाडीचं. त्या धरणाच्या पोटात गेलेल्या गावांपैकी पाच नावं सांगा बरं.

दोन? एक?

असो, गाणं छान आहे.

असीम चक्रवर्ती 25 डिसेंबर 2009 ला गेला. इथं टिंगल नाही. मंचावर मांडी घालून बसलेला तो माणूस, हात तबल्यावर आणि त्याच वेळी गळ्यातून निघणारा तो मातकट, मोठा आवाज. ज्यानं समोर बसून ऐकलं त्याला ते रेकॉर्डिंगमध्ये पुरतं सापडत नाही. चार वर्षांनी, 2013 मध्ये, सुश्मित सेनही बँडमधून बाहेर पडला. दोन संस्थापक, दोघंही नाहीत. चाहत्यांनी जाहीर केलं, ‘संपलं आता.’

संपलं नव्हतं. गायला हिमांशू जोशी आला, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती, गिटारवर निखिल राव. 2014 च्या ‘तांदानू’मध्ये शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट अशी पंगत बसली. आमच्या माजी विद्यार्थ्याला विचारलं तर उत्तर एकच. ‘असीमनंतर मजा नाही राव.’ ऐकलंस का? ‘नाही ऐकलं, पण मजा नाही.’ शोक दीड दशक पुरला की त्याला सबब म्हणतात.

याहून मौज पुढं. 2015 मध्ये ‘मसान’ आला. हीच मंडळी मल्टिप्लेक्समध्ये नाक पुसत बाहेर पडली आणि महिनाभर त्यातली गाणी गुणगुणत राहिली. संगीत कुणाचं? इंडियन ओशनचं. नावं पडद्यावर येतात तेव्हा माणसं पार्किंगकडं धावत असतात.

शहराचं नाव बदललं, प्लेलिस्ट बदलली नाही.

बरं, जुनं आवडतं, आवडू द्या. कुणाच्या आवडीवर जीएसटी नाही. खुपतं ते दुसरंच. मुंबईची ‘अभंग रिपोस्ट’ ही तरुण मंडळी संतांचे अभंग गिटार आणि ड्रम्स घेऊन गातात. ते ऐकून आमचा ‘कांदिसा’वाला काय म्हणतो? ‘अभंगाची वाट लावली.’ अरे बाबा, इंडियन ओशननं ‘झिनी’त कबीर घेतला तेव्हा तू मेसच्या टेबलावर ताल धरत होतास ना? कबीराला ड्रम्स चालतात, तुकोबाला विटाळ होतो?

जी पोरं मिसळीवर भाळली, ती चाळिशीत सोवळं नेसून बसली. सोवळं कशाचं, तर त्याच मिसळीचं!

उस्मानपुऱ्यात बसून असं बोलणं तर फारच धाडसाचं. इथल्या महापालिकेच्या रंगमंदिराला संत एकनाथांचं नाव आहे. जायकवाडीच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. नाथ राहायचे पैठणला, इथून पन्नासेक किलोमीटरवर. सोळाव्या शतकात या पंडितानं काय केलं? गोंधळी, वासुदेव, जोशी असे रस्त्यावरचे आवाज उचलले आणि भारुडात अध्यात्म भरलं. उच्च-नीच, देवघर-चव्हाटा, सगळं एका ताटात. विंचवाचं भारूड शाहीर साबळ्यांनी घराघरांत नेलं तेव्हा कुणी विचारलं नाही की याची जात कोणती. नाथ आज असते तर आमच्या मित्रानं त्यांनाही सुनावलं असतं, ‘भागवताची वाट लावली.’

आता प्रेमाची कसोटी. या बँडचा कार्यक्रम आपल्या टापूत लागला, की माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर काय खळबळ! बदाम, ज्वाला, डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. ‘भावांनो, जायचंच!’ चाळीस जण जायचंच म्हणतात. मग कुणीतरी तिकिटाची लिंक टाकतो. पाच मिनिटं स्मशानशांतता. आणि मग तो अस्सल मराठी प्रश्न अवतरतो.

‘पास मिळतील का रे कुठं?’

महिन्याचा हप्ता साठ हजार, पोराचा क्लास दोन लाख, बुटांची जोडी आठ हजारांची. आणि ज्या बँडनं आयुष्य बदललं म्हणून रात्री अकराला स्टेटस ठेवतो, त्याच्यासाठी पास. बासरीवाल्यालाही घरभाडं असतं आणि बासवाल्यालाही, हे आपल्याकडं कुणाला सुचतच नाही. कलावंतानं आपल्या प्रेमावर जगावं, अशी आपली जुनी अपेक्षा.

त्यातूनही काही जण तिकीट काढतात, जातात, पहिल्या रांगेत उभे राहतात. बँड नवं गाणं सुरू करतो. हे मागून ओरडतात, ‘कांदिसा! कांदिसा!’ पन्नाशी-साठीतले जुने वादक हसून नवं वाजवतात. श्रोते त्यांच्याहून लहान. म्हातारं कोण, ते तुम्हीच ठरवा.

‘तू है’ नावाचा अल्बम 2023 मध्ये आला आहे. फोनवर मिळतो, शोधायला दहा सेकंद लागतात. एकदा ऐका, अख्खा ऐका. नाही आवडला तर खुशाल नावं ठेवा, पण ऐकून ठेवा. आणि कार्यक्रम लागला तर तिकीट काढा. पास मागू नका.