कॅम्बरचे पैसे कशाचे घेतलेत, मालक?

मालक,

तुमच्या दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. पण वाचताना तुम्ही स्वतःला ओळखाल, कारण जुनी महिंद्रा सीजे-थ्रीबी तुमच्या रॅम्पवर काही रोज चढत नाही.

तुमचं बिल माझ्यासमोर आहे. टाय रॉड एंड बदलले. व्हील अलाइनमेंट केलं. कॅम्बर करेक्शन केलं. या शेवटच्या ओळीबद्दल आधी बोलू. या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल एकसंध असतो. कॅम्बर दीड अंश, कॅस्टर तीन अंश, दोन्ही कारखान्यातच ठरलेले. फिरवायला बोल्ट दिलेलाच नाही. कॅस्टर बदलायचा तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालावी लागते. कॅम्बर बिघडलाच तर किंग पिनची बेअरिंगं झिजलेली असतात, नाहीतर अ‍ॅक्सल वाकलेला असतो. तुम्ही बेअरिंगं उघडली नाहीत, अ‍ॅक्सलला हात लावला नाही. मग करेक्शन कशाचं केलंत? नसलेल्या बोल्टला पाना लावल्याची मजुरी तुम्ही माझ्याकडून घेतलीत.

आता तुमच्या मशीनबद्दल. पडद्यावर सगळे आकडे हिरवे झाले आणि तुम्ही कागद छापून हातात ठेवलात. उभ्या गाडीचे आकडे होते ते! या जीपमध्ये स्टेअरिंग बॉक्सपासून ड्रॅग लिंक निघते, ती मधल्या बेलक्रँकला मिळते आणि तिथून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. बेलक्रँकची पिन झिजली की चाकांना स्वतःची मर्जी चालवायला मोकळीक मिळते. गाडी उभी असताना टो-इन बरोबर, खड्डा आला की चूक. अशा गाडीचा कागद हिरवा काय नि लाल काय.

हे शोधायला लाखांचं यंत्र लागत नाही. एकानं सीटवर बसून स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून एकेका जॉइंटवर हात ठेवायचा. जिथे प्ले आहे तिथे हाताला टकटक कळते. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवायचं, म्हणजे किंग पिन आणि व्हील बेअरिंगचा ढिलेपणा बाहेर येतो. पाट्यांचे बुश, बॉक्सचे चासीवरचे बोल्ट पाहायचे. हे सगळं घट्ट झाल्यावर शेवटी अलाइनमेंट. तुम्ही सुरुवातच शेवटापासून केलीत, कारण मशीनचे पैसे लगेच मिळतात आणि खाली झोपलं तर कपडे मळतात.

टाय रॉड एंड बदललेत म्हणता. कसे बदललेत ते नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला गाडीखाली नेऊन दाखवलं. कॅसल नटच्या खाचेत जुनीच, वाकडी स्प्लिट पिन कोंबलेली. खाच आणि भोक जुळावं म्हणून तुम्ही नट मागे फिरवून सैल केलात. तो पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा असतो, हे हेल्परलासुद्धा पहिल्या आठवड्यात शिकवतात. टाय रॉडचा क्लॅम्प ढिला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बेलक्रँकचा प्ले लपवायला तुम्ही स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळलात. हा बॉक्स मुळात सरळ स्थितीत सर्वांत घट्ट बसावा असाच घडवलेला असतो. तुम्ही चाकं वळलेली असताना आवळलात, म्हणून गाडी सरळ जाताना स्टेअरिंग जाम होऊ लागलं आणि वळणानंतर ते परत येईना. ढिलं स्टेअरिंग निदान हाताला कळतं. तुम्ही ते कळणंही बंद केलंत.

हे कुठल्या रस्त्यावर, याचा विचार केलात? आपल्या जिल्ह्यात कारखाने सुरू झाले की दिवेलागणीला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ताभर असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. अशा वेळी ताशी पन्नासच्या वेगात पुढची चाकं थरथरू लागली, तर ट्रॉलीला वळसा घालायचा कसा? तुळजापूरच्या घाटात स्टेअरिंग अडकलं तर?

पार्ट मिळत नाहीत, ही सबब तुम्ही मला ऐकवली होती. अमेरिकेत 1953 मध्ये आलेलं हे मॉडेल तिथे 1968 मध्ये थांबलं, पण महिंद्रानं ते पुढेही अनेक वर्षं बनवलं. बेलक्रँकची पिन आणि बुश आजही मिळतात. मिस्त्रींनी ती मागवून बसवली, किंग पिनची बेअरिंगं बदलली, बॉक्स सरळ स्थितीत पुन्हा सेट केला. मग दोन्ही टायरांवर खडूनं मधली रेघ ओढून टेपनं पुढून-मागून अंतर मोजलं. पुस्तकात टो-इन एक ते अडीच मिलिमीटरच्या आत दिलंय; त्यांनी तेवढंच ठेवलं. आता जीप मऊ काळ्या मातीतून बाहेर येऊन डांबरावर सरळ धावते.

माझे कॅम्बरचे पैसे परत करा, ते मी मागणारच आहे. पण त्याआधी एक काम करा. तुमच्या काउंटरवरच्या वहीत गाड्यांचे नंबर आणि मालकांचे फोन लिहिलेले असतात, मी पाहिलेत. त्यात जुन्या कमांडर असतील, वडापच्या गाड्या असतील, शाळेची पोरं नेणाऱ्याही असतील. ज्यांना न तपासता हिरवा कागद दिलात, त्या प्रत्येकाला आज फोन करा, बोलावून घ्या, आणि या वेळी स्वतः गाडीखाली झोपून पाहा.

एक ग्राहक,
सोलापूर