मास्तर बादली घेऊन कुठे जातात?

"ऐकलंस का गो? खालच्या आळीतले मास्तर परत पहाटे बादली घेऊन बाहेर पडायला लागले."

काकूंनी गडग्यावर कोपर टेकलं. म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिती. मी आत जाऊन गॅस बारीक करून आले.

"नोव्हेंबर उलटला ना काकू. कासवांचे दिवस सुरू झाले."

"दिवस कासवांचे, हाल मास्तरीणबाईंचे! जन्मभर नोकरी केली, पण घरात कधी हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही या माणसानं. आणि आता काळोखात उठून सगळा किनारा तुडवतो. कशाला? तर रात्री कासवीण येऊन गेली का बघायला. पैसे तरी मिळतात का, म्हटलं. नुसते हसले."

वनखातं कासवमित्र नेमतं, त्यांना मानधन असतं. मास्तर त्यातले नव्हेत, ते हौशी. हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. त्यांना फक्त माझ्याकडून खात्री करून घ्यायची होती.

"पण तयार झालाय हो माणूस. परवा देवळातून येताना बघितलं मी. सुरूच्या बनाखाली गुडघे टेकून बसलेले. समोर वाळूत ट्रॅक्टरचं चाक गेल्यागत माग. म्हटलं, खणा की मग! तर म्हणे, ती लबाड असते, जाताना वाळू उडवून जागा मोडून जाते. काठीनं हळूहळू टोचत होते. एका जागी काठी भसकन आत गेली. मग हातानं उकरलं. हातभर खोल गेल्यावर अंडी. ही अशी लिंबाएवढी, पांढरी, दाबली तर दबतात. शंभराच्या वर निघाली. मी काही विचारायला गेले तर खेकसले, बोलू नका, आकडा चुकतो!"

"हात लावू दिला का?"

"छे! जसं आहे तसंच उचलायचं म्हणे, फिरवायचं नाही. आतला जीव कवचाला धरून असतो, अंडं उलटलं की गेला. बादलीत खाली त्याच खड्ड्यातली वाळू, वर अंडी. आणि चालले असे, की लग्नात वरमाईसुद्धा इतकी जपून चालायची नाही. तिकडे जाळीच्या कुंपणात तेवढाच खोल खड्डा, तोंडाशी अरुंद नि पोटात रुंद. त्यात ठेवली, वर तारखेची पाटी. पन्नासेक दिवस आता कुत्री नकोत नि कोल्हे नकोत."

मग काकूंचा आवाज खाली आला. खरी बातमी आता येणार होती.

"आणि जाळीशी रात्री राखणीला कोण बसतो माहीत आहे? तोच, वरच्या वाडीतला. आजा त्याचा अंडी बाजारात न्यायचा. बापही. नि आता मास्तर अडले की यालाच हाक मारतात. वाळू बघूनच सांगतो, इथे आहे, तिथे नाही."

मला यात नवल वाटत नाही. घरटं कुठे असतं हे चोराइतकं कुणाला माहीत असणार? अशा माणसाला जवळ केलं, हीच या कामातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट.

काकूंचं माहेर वेळास, नाना फडणवीसांचं गाव. त्यामुळे नाना आणि कासवं हे दोन्ही त्यांच्या घरचेच विषय. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रची माणसं, भाऊ काटदरे वगैरे, समुद्रगरुडांच्या शोधात तिथे गेली आणि किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. 2002 मधली गोष्ट. तिथून अंडी राखणं सुरू झालं, पुढे कासव महोत्सव, घरोघरी पाहुणे.

"पाहुण्यांचं विचारू नकोस. आमच्या वहिनीकडे मुंबईचे एक गृहस्थ आले. पिल्लं किती वाजता, म्हणे! सकाळी सातला घरट्यावरची टोपली उचलली, खाली काही नाही. संध्याकाळी सहाला उचलली, काही नाही. पैसे परत द्या म्हणायला लागला. वहिनी म्हणाली, जेवणाचे घेतलेत, कासवाचे घेतले नाहीत."

"आणि ती पुण्याची मुलगी?"

"ती निराळी. फोटो काढायला आली होती, राहिली. कुर्ल्या बघून किंचाळायची आधी. आता वाळूतली फाटकी जाळी ओढून काढते, वहीत वाळूचं तापमान लिहिते. वाळू जास्त तापली तर म्हणे सगळ्या मुलीच निघतात."

"हो, कासवांत तसंच असतं."

"म्हणजे नवससायास नाहीत, सासूचे टोमणे नाहीत. बरंच की!"

"नुसत्या माद्याच निघाल्या तर पुढे पंचाईत होईल काकू."

"होईल तेव्हा होईल." काकूंना हा मुद्दा सोडायचा नव्हता. "आणि हो, तीन वर्षं की चार झाली, वेळासला एकीच्या पाठीवर यंत्र बसवून सोडलं होतं ना?"

"प्रथमा. जानेवारी 2022. उपग्रहावरून माग काढायला."

"तेच. समुद्रात कासवीण कुठे फिरते ते यांना घरबसल्या कळतं. माझी सून बँकेत जाते म्हणून निघते, कुठे फिरते ते नाही कळत."

यावर बोलायची सोय नव्हती. सून आमच्याच ओटीवर बसून चहा पिऊन जाते.

"ते राहू दे. पिल्लं निघाली की शाळेची मुलं येणार आहेत बघायला. दोरी धरून त्यांना मागे ठेवायला माणूस हवंय, मास्तर म्हणाले. मोबाईलचा दिवा कुणी लावला तर ओरडायचं. मला ओरडायला जमतं, म्हणून मला विचारलं."

"तुम्ही हो म्हणालात?"

"मग? गुडघे दुखतात म्हणून सांगू? पिल्लांना हातानं पाण्यात सोडायचं नाही हो, वाळूवर ठेवायचं. आपल्या पायानं जाऊ द्यायचं. तूही ये. संध्याकाळचं आहे, पहाटेचं नाही. आणि तुझा भात करपतोय गो, वास येतोय."