हळदीला कट-ऑफ नसतो

छोट्या कॉलेजात प्रवेश मिळवणं एक वेळ सोपं. ग्रुपात प्रवेश मिळवणं महाकठीण. साठ जागांच्या वर्गाची यादी फलकावर लागते आणि तो विषय संपतो. दुसरी यादी कुठेच लागत नाही, पण सगळ्यांना तोंडपाठ असते. मागच्या बाकावर कोण, ट्रॅडिशनल डेच्या फोटोत मधोमध कोण, वाढदिवसाची कॉन्ट्री कुणाकडून काढायची आणि कुणाला आयत्या वेळी, केक कापून झाल्यावर, हाक मारायची, हे सगळं त्या यादीत ठरलेलं असतं. शेकड्यांनी मुलं असलेल्या कॉलेजात नको असलेला माणूस गर्दीत हरवतो तरी. इथे तो रोज समोर येतो आणि नोट्स मागतो.

सिनेमातल्या कॉलेजात पार्टी रात्री सुरू होते. भिवंडीतल्या अशा छोट्या कॉलेजच्या पोरांना रात्र परवडत नाही. कुणाला वाड्याची एसटी धरायची असते, कुणाला पडघ्याची. दिवा–वसई मार्गावरच्या भिवंडी रोड स्टेशनात गाड्या मोजक्याच, त्यामुळे एक चुकली की बसा फलाटावर. काहींची संध्याकाळी गोदामात शिफ्ट असते. म्हणून इथली पार्टी भर दुपारी, टळटळीत उन्हात होते. धामणकर नाक्याच्या आसपास बाईकच्या सीटवर केक ठेवलेला. प्लास्टिकची सुरी पहिल्याच घावाला मोडते, मग कॉलेजचं ओळखपत्र कामी येतं. केक पोटात कमी जातो आणि तोंडाला जास्त लागतो. उत्सवमूर्ती नळाखाली डोकं धरून उभी राहते, तोवर निम्मी पार्टी रिक्षात बसलेली असते.

स्नेहसंमेलनाचंही तसंच. फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या आधी सरांच्या हाताखालून जातात, त्यामुळे उरलेले मासे अगदीच निरुपद्रवी निघतात. नाच रंगात येतो न येतो तोच माइकवरून आभारप्रदर्शन सुरू होतं.

खरी पार्टी असते ती वर्गातल्या कुणाच्या तरी बहिणीची हळद. भिवंडी तालुक्यातल्या आगरी गावात हळद म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. 'सगल्यांनी यावाचा' एवढाच निरोप ग्रुपवर येतो. कॉन्ट्री नाही, ड्रेस कोड नाही, यादी नाही. मांडवात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात असते. तिला ना माइक लागतो, ना सरांची परवानगी. तिचं आटोपलं की बेंजो सुरू होतो, आणि वर्षभर पहिल्या बाकावर अंग चोरून बसलेला मुलगा अचानक मधोमध नाचताना दिसतो. कारण तो त्याच गावचा असतो. फोटोत मधोमध उभं राहणारे त्या दिवशी कडेला उभे राहून पावलं शिकतात. शहरातून आलेल्या मोमीन मोहल्ल्यातल्या मैत्रिणीला नवरीची आजी हाताला धरून नेते, 'जेवाला बस बाय' म्हणते, आणि तिला काय चालतं नि काय नाही हे स्वतः विचारून वाढते.

हळदीची दुसरी बाजूही आहे. डीजेच्या भिंती, खर्चाची चढाओढ, दारू. ती नको म्हणून समाजातलेच लोक बोलू लागलेत आणि ते बरंच झालं. रात्री दहानंतर भोंगा बंद हा नियम २००० सालापासून आहे. तो पाळला तर आजीला झोपही मिळेल. पण एक गोष्ट मात्र कॉलेजांनी हळदीकडून उचलावी. दुसऱ्या दिवशी वर्ग भरतो तेव्हा ती न लागलेली यादी थोडी पुसट झालेली असते. पहिल्या बाकावरच्या मुलाला मागून हाक येते, आणि केक कापायच्या आधी येते.

तेव्हा कॉलेजात नव्यानं पाऊल टाकणाऱ्यांनो, ग्रुपात घेतलं नाही म्हणून खट्टू होऊ नका. वर्गात कुणाच्या घरी लग्न आहे तेवढं बघून ठेवा. आणि तिथे कुणी ताट पुढे केलं तर 'नको' म्हणू नका. ते तिथं कुणी ऐकत नाही.