विलायती वीकेंड, मु. पो. लोणावळा

शनिवार-रविवार आला की लंडनकडच्या मराठी घरात वाद पेटतो : बाथ, यॉर्क की चेस्टर? जुनं गाव हवं, दगडी रस्ते हवेत, रोमन भिंत असली तर उत्तम. त्याच वेळी पुण्या-मुंबईच्या घरात ‘बाथसारखं काहीतरी’ शोधणं चालू असतं. उतरती कौलारू छपरं, लाकडी जिना आणि फायरप्लेस, ज्यात लाकडाऐवजी नारिंगी बल्ब जळतो. नाश्ता मात्र साडेदहापर्यंत मिळायला हवा. थोडक्यात, इंग्रज निघून गेलेला असावा, पण जाताना गादी घालून गेलेला असावा.

आता महाराष्ट्रात साहेबाने वसवलेली गावं ती किती? महाबळेश्वर गव्हर्नर माल्कमचं, १८२८च्या सुमाराचं. माथेरान ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये चढून गेला तेव्हाचं. यादी एका हाताच्या बोटांवर संपते, म्हणून मग घरोघरी तीच ती चर्चा होते.

“माथेरानला जाऊ या का?”

“गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवावी लागते.”

“बरं, मग पुढे?”

“पुढे चालायचं.”

“सुट्टीत?”

माथेरान कटाप. महाबळेश्वरचं नाव निघताच पसरणीच्या घाटात मागच्या वेळी धाकट्याने काय केलं होतं ते सगळ्यांना आठवतं, आणि सीट कव्हर कोणी धुतली तेही. उरतं लोणावळं. तिथे गाडी थेट खोलीच्या दारात जाते. इतिहास कुठला बघायचा हे आपल्याकडे शेवटी पार्किंगच ठरवतं.

बुकिंग करताना गावाचा इतिहासही वाचायला मिळतो. तो सगळीकडे एकसारखाच असतो, कारण सगळ्यांनी एकमेकांचाच उतरवून घेतलेला असतो : मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने १८७१ मध्ये लोणावळा-खंडाळ्याचा शोध लावला. मोठी रोमहर्षक गोष्ट. अडचण एवढीच, की एल्फिन्स्टन आडनावाचे गव्हर्नर दोन होऊन गेले. काका माउंटस्टुअर्ट १८५९ मध्ये वारला आणि पुतण्या लॉर्ड जॉन १८६० मध्ये. तेव्हा १८७१ मध्ये शोध लावायला यांच्यापैकी जो कोणी आला असेल, त्याचा आत्मा वीकेंडसाठी घुटमळत होता असंच म्हणावं लागेल. शिवाय बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्येच सुरू झालेली. ज्या गावातून निदान आठ वर्षं आगगाड्या धावत होत्या ते गाव हरवलं होतं कधी, की शोधावं लागलं?

बरं, खरेखुरे इंग्रज इथे आले नव्हते असंही नाही. ते १८१८ मध्ये आले, पण वीकेंडला नव्हे. तोफा घेऊन आले. विसापूर किल्ला घेतला, पाठोपाठ लोहगड न लढताच पडला, आणि विसापूरचे दरवाजे सुरुंग लावून उडवण्यात आले. साहेबाची मावळातली पहिली ठळक खूण म्हणायची तर ती ही. पण पडक्या दरवाजासमोर फोटो चांगला येत नाही.

दुसरी खूण घाटातली. बोरघाटाच्या रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि सात वर्षं चाललं. पंचवीस बोगदे, सगळे सुरुंगाने आणि हाताने फोडलेले. कामावर एका वेळी चाळीस हजारांहून जास्त माणसं होती. कॉलऱ्याने, तापाने, दरडींनी आणि सुरुंगांनी त्यांतली किती हजार गेली याचा कोणी धड हिशेब ठेवला नाही. साहेबालाही घाट सोडणारा नव्हता. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये विलायतेहून उतरला आणि काही आठवड्यांतच दगावला. बोट पकडून परत जायचं सोडून त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, जाणते इंजिनिअर नेमले आणि काम तडीला नेलं. मध्ये वेळ काढून घाटाच्या कामाचे फोटोही काढले. कॅमेरा म्हणजे तेव्हा काचांच्या पेट्यांचं ओझं, खिशातला फोन नव्हे.

इंग्लंडमधल्या एखाद्या गावात अशी बाई होऊन गेली असती तर तिच्या नावाचा चहा, टॉवेल आणि फ्रिजला लावायचं चुंबक निघालं असतं. आपल्याकडच्या कॉटेजांना नावं ऑक्सफर्ड, विंडसर आणि व्हिक्टोरिया. व्हिक्टोरियाबाई हिंदुस्थानात एकदाही फिरकल्या नाहीत. ॲलिसबाईंनी इथे नवरा गमावला. पण बोर्डावर मान राणीला.

भुशी डॅमचंही तेच. तो रेल्वे कंपनीने वाफेच्या इंजिनांची तहान भागवायला बांधला. इंजिनं गेली, तहान राहिली. जुलैतल्या रविवारी त्या पायऱ्यांवर आपण कणीस हातात घेऊन ओळीने बसतो आणि वरून येणारं पाणी अंगावर घेतो. रेल्वेच्या पाण्याच्या टाकीत आख्खं कुटुंब घालणारे प्रवासी जगात दुसरीकडे कुठे असतील असं वाटत नाही. (त्या पाण्याने जीवही घेतलेत. तेवढ्यापुरतं हसणं बाजूला ठेवू.)

आणि बाथ-यॉर्कचं म्हणाल, तर खरं बाथ लोणावळ्याच्या कॉटेजपासून पाऊण तासावर आहे. बाथचं रोमन स्नानगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. कार्ल्याचं चैत्यगृहही साधारण त्याच शतकातलं. तिकडे आपला मराठी माणूस वीसपंचवीस पौंड मोजून आत शिरतो, कानाला यंत्र लावतो आणि हिरव्या पाण्याकडे बघून “काय प्रिझर्व्ह केलंय!” म्हणतो. कार्ल्याला चहाच्या भावात तिकीट आहे. म्हणूनच बहुधा ते बघण्यासारखं वाटत नाही.

पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंना ओटीची ताटं, हार, नारळ आणि लिंबू सरबत. वर एकवीरा आईचं देऊळ. कोळी-आगऱ्यांची घरंच्या घरं पोरंबाळं घेऊन, बेंजो लावून चढत असतात. मावळात खऱ्या अर्थाने जुन्या ठिकाणाला यायची सवय कोणाला राहिली असेल तर ती यांना. रिसॉर्टवाले बहुतेक देवळाच्या रांगेत उभे राहतात, दर्शन घेतात आणि शेजारच्या लेण्याच्या दारात न डोकावता खाली उतरतात.

त्या दारातून आत गेलं की बाहेरचा बेंजो एकदम लांब गेल्यासारखा वाटतो. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, पायाशी दगडी घडे, माथ्यावर हत्तींवर बसलेल्या जोड्या. मान वर केली की लाकडी कमानी दिसतात. दगडाच्या छताला आधाराची गरज नसताना लावलेलं लाकूड, दोन हजार वर्षं पावसाळे काढून अजून जागेवर. आपल्या बाल्कनीतलं सागवानी कपाट तीन पावसांत फुगतं.

आणि भिंतींवर, खांबांवर नावं आहेत. वैजयंतीहून, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीहून आलेला भूतपाल शेठ लिहून ठेवतो की जंबुद्वीपात याहून सरस दगडी वास्तू नाही. जाहिरात तेव्हाही होती, पण त्याची खरी निघाली. दारासाठी पैसे दिले सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याने, दार घडवलं सामी नावाच्या सुताराने. दोघांचीही नावं कोरलेली आहेत, आणि सुताराच्या बापाचंही. खांबांवर कितीतरी नावं यवनांची (तेव्हाच्या भाषेत ग्रीकांची) आहेत. म्हणजे गोरे पाहुणे एल्फिन्स्टनच्या अठराशे वर्षं आधीच येऊन गेले होते. त्यांनी गावाचा शोध लावल्याचं मात्र म्हटलं नाही. खांबाचे पैसे भरले आणि नाव घातलं.

आपणही नाव घालतो. पैसे भरत नाही, बदाम काढतो.

भाज्याची लेणी याहून जुनी, इसवी सनाच्या आधीची. तिथे पावसाळ्यात गर्दी तुफान असते, पण ती लेण्यांच्या अलीकडच्या धबधब्याला. लोहगडाचं नशीब मात्र उघडलं : जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत तोही आला. बाथच्याच यादीत! आता विंचूकाट्याच्या माचीवर सेल्फीसाठी रांग लागते आणि खाली गाड्या उभ्या करायला जागा उरत नाही. शेजारचा विसापूर यादीत नाही, म्हणून निवांत आहे. त्याचे दरवाजे ज्यांनी उडवले त्यांचे आभार मानावेत की काय, असं कधी कधी वाटून जातं.

वीकेंडवाल्याची बाजूही समजून घ्यायला हवी. त्याला वेळच नसतो. शनिवारी दुपारी चेक-इन, मग पूल. रविवारी साडेदहापर्यंत नाश्ता, बारापर्यंत चेक-आउट, मग ‘ओरिजिनल’ चिक्कीचं दुकान. गावात चिक्कीची दुकानं सगळी ओरिजिनलच असल्यामुळे त्यात तास जातो. टायगर पॉइंटला वाघ नाही, लायन्स पॉइंटला सिंह तर कधीच नव्हता, पण मॅगी दोन्हीकडे मिळते. ती खाईपर्यंत लेण्यांचं दार बंद होतं. नागफणीला ड्यूक्स नोज म्हणायचं, ते नाक लांबून बघायचं आणि परतीला लागायचं.

परतीच्या वाटेवर, घाटात, एक्सप्रेसवेच्या डोक्यावर एक दगडी कमानीचा पूल होता. अमृतांजन पूल. नाव तिथल्या बामच्या जाहिरातीवरून पडलेलं, पूल मात्र अस्सल ब्रिटिश अमदानीतला, माल्कमने घाटरस्ता खुला केला त्या १८३०च्या काळातला. अख्ख्या मावळात विलायती म्हणून दाखवायला याहून खरी वस्तू नव्हती, आणि ती बघायला तिकीटही नव्हतं. एप्रिल २०२०च्या लॉकडाऊनमध्ये रस्ता मोकळा मिळाला तेव्हा सुरुंग लावून तो पाडला. त्याच्या खांबांमुळे वीकेंडला वाहतूक तुंबते, असं कारण होतं.

या रविवारी संध्याकाळी खंडाळ्याच्या उतारावर गाड्यांची रांग किती होती, ते रांगेतल्यांना विचारा.