विसरा, पण पुसू नका

बॅकअप सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी मोठी दूरदर्शी. तुमची डिस्क जळेल, लॅपटॉप चोरीला जाईल, झोपेच्या भरात तुम्हीच नको ती फाइल उडवाल, हे सगळं त्यांनी आधीच धरून ठेवलेलं असतं. फक्त तुम्ही एकाच जन्मात दोन बॅकअप सॉफ्टवेअर वापराल, हा अनर्थ काही त्यांच्या कल्पनेत बसत नाही.

बोर्ग आणि रेस्टिक ही अशीच दोन सॉफ्टवेअर. बोर्गमध्ये प्रत घ्यायची आज्ञा 'क्रिएट', रेस्टिकमध्ये 'बॅकअप'. घेतलेली प्रत बोर्गकडे 'अर्काइव्ह', रेस्टिककडे 'स्नॅपशॉट' आणि ड्युप्लिकसी नावाच्या तिसऱ्याकडे 'रिव्हिजन'. ती परत हवी तर बोर्गकडे 'एक्स्ट्रॅक्ट' म्हणा, रेस्टिककडे 'रिस्टोअर'. अडकलेलं कुलूप रेस्टिक 'अनलॉक'नं उघडतो, बोर्ग 'ब्रेक-लॉक'नं फोडतो. चालायचंच, ज्याचा त्याचा स्वभाव.

खरी मजा जुन्या प्रती काढताना येते. रेस्टिकचं 'फर्गेट' स्नॅपशॉट विसरतं, पण त्याचा डेटा जागचा हलत नाही. तो हलवायला 'प्रून' लागतं. बोर्गमध्येही 'प्रून' आहे, पण ते रेस्टिकच्या 'फर्गेट'चं काम करतं: रोजच्या किती, आठवड्याच्या किती प्रती ठेवायच्या ते सांगा, बाकीच्या यादीतून जातात. जागा मात्र 'कॉम्पॅक्ट' चालवल्यावरच सुटते. तेही 2022 साली आलेल्या 1.2 आवृत्तीपासून. त्याआधी 'प्रून'च जागाही सोडवत असे. म्हणजे जुन्या सवयीचा माणूस नव्या आवृत्तीत इमानेइतबारे रोज 'प्रून' करतो, आणि डिस्क तितक्याच इमानानं रोज भरत जाते.

ड्युप्लिसिटी नावाची चौथी त्याहून सभ्य. तिला 'रिमूव्ह-ओल्डर-दॅन' असा स्वच्छ हुकूम द्या. ती काय काय काढता येईल याची यादी वाचून दाखवते आणि स्वस्थ बसते. खरंच काढायचं असेल तर सोबत 'फोर्स' लिहावं लागतं.

उलट बोर्ग 1 चं 'डिलीट' पाहा. भांडाराच्या, म्हणजे रिपॉझिटरीच्या, नावापुढे दोन वेळा अपूर्णविराम देऊन अर्काइव्हचं नाव लिहिलं तर एक प्रत जाते. ते शेपूट लिहायचं राहिलं तर अख्खं भांडार. भांडार उडवण्याआधी तो मोठ्या अक्षरांत 'येस' लिहून मागतो, हा त्याचा मोठेपणा. चाचणीत असलेल्या बोर्ग 2 मध्ये भांडारासाठी वेगळं 'रिपो-डिलीट' आलं आणि भांडार तयार करणाऱ्या 'इनिट'चं 'रिपो-क्रिएट' झालं. मधल्या काळात ते 'आरक्रिएट' होतं. लग्नात सुनेचं नाव बदलायची प्रथा घरांतून ओसरत चालली, तर ती इथे एकाच सुनेला दोनदा लागू झाली.

बोर्ग आणि रेस्टिक या दोघांचं एकमत झालेला शब्दही आहे: 'चेक'. पण बोर्ग त्यासाठी साठवलेला डेटा वाचून काढतो, आणि रेस्टिक नुसता सांगाडा तपासून 'सगळं ठीक' म्हणतो. आतला माल वाचायला त्याला 'रीड-डेटा' असं वेगळं सांगावं लागतं.

सुचवायचं एवढंच: आज्ञेचं नाव काहीही ठेवा, पण ती चालवण्याआधी दोन ओळी दाखवा. किती जागा सुटेल, आणि काय पुन्हा कधीच मिळणार नाही. सूचना मान्य होणार नाही, हे ठाऊक आहे. ती मान्य झाली तर डेटा गमावलेल्या माणसाला "मॅन्युअल वाचलं नव्हतंस का?" असं विचारण्याचं जाणकारांचं सुख जाईल, आणि त्या सुखाचा बॅकअप कुणीच घेऊन ठेवलेला नाही.